मदत हवी आहे : आठ हजारात पाच जणांचं महिन्याचं खाणं बसवायचंय, मुलीचं एचबी ९.६ आलंय

नमस्कार सगळ्यांना. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज मुलं झोपल्यावर बसलेच.

आम्ही भोसरीत राहतो, घरात पाच जण. मिस्टर एका वर्कशॉपला सीएनसी मशीनवर आहेत, दिवाळीनंतर ओव्हरटाइम बंद झाला आणि हातात येणारा पगार पाच-साडेपाच हजारांनी खाली आला. भाडं, मुलांची फी, आईंच्या (सासूबाईंच्या) गोळ्या, लाइटबिल ह्यातलं काही हलत नाही, म्हणजे हात कुठे आखडायचा तर स्वयंपाकघरातच. आता दूध आणि गॅस धरून आठ हजारात महिना काढायचाय. रेशनकार्ड पांढरं आहे त्यामुळे धान्य मिळत नाही, आणि बार्शीकडून दरवर्षी ज्वारीचं एक पोतं यायचं ते यंदा आलं नाही.

गेल्या महिन्यात वहीत रोज लिहून ठेवलं. दूध रोज एक लिटर १८००, भाजी १८००, गॅस ९००, गहू २० किलो ७२०, तांदूळ १० किलो ५००, ज्वारी ५ किलो २५०, तेल ४ लिटर ६००, तूरडाळ ३ किलो ३९०, मूगडाळ १ किलो ११०, दाणे २ किलो २८०, साखर ४ किलो १८०, चहापावडर २५०, पोहे-रवा २००, मीठमसाला २५०, फळं ३००. आणि बिस्किटं-टोस्ट-फरसाण-पाव मिळून ८५०. हे शेवटचं बघून मला धक्काच बसला कारण दहा-वीस रुपये असं करत जातात ते कळतच नाही. एकूण ९३८० झाले.

पैसे कसे कमी करायचे हे एकवेळ मला जमेल, लग्नाआधी आईकडे ह्याच्यापेक्षा कमीत भागवलेलं बघितलंय. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. मुलगी तेरा वर्षांची, सातवीत आहे, गेले काही महिने शाळेतून आली की दप्तर टाकून झोपते, जिना चढली की दम लागतो, म्हणून तपासलं तर हिमोग्लोबिन ९.६. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि खाण्यात लोह वाढवा, डाळिंब, बीट, खजूर द्या असं सांगितलं. डाळिंबाचा भाव बघून मी तशीच परत आले हो. मुलगा सहा वर्षांचा, त्याला वरणभात सोडून काही नको, उसळ दिसली की तोंड फिरवतो. आईंना शुगर आहे, भात कमी करा सांगितलंय पण दोन वेळा भातच लागतो आणि मंगळवार, गुरुवार, चतुर्थी धरतात तेव्हा साबुदाणा. मिस्टरांचा डबा जातो, दिवसभर उभं राहून काम, त्यांना भरपूर लागतं. घरात अंडं चालत नाही, आईंचं देवाचं असतं.

मला विचारायचंय ते असं, की आमचं पोट रोज भरतं, कोणी उपाशी राहत नाही, पण अंगाला लागेल असं ताट आठ हजारात कसं बसवायचं? प्रत्येकासाठी वेगळं करायला मला वेळ पण नाही आणि गॅस पण नाही, दुपारी चार तास मी पॅकिंगचं काम घरी आणते. नेटवर बघितलं तर सगळे बदाम, ॲव्होकॅडो, पनीर सांगतात. तुमच्या घरात खरोखर केलेलं, रोजचं असं काही सांगा. खूप आभार.

प्रतिसाद १

ताई, तुमची वही फार कामाची आहे, ती वाचून एक गोष्ट लगेच दिसली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचं मार्गदर्शन काढलंय त्यात मोठ्या माणसाला दिवसाला २००० कॅलरी धरून साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ३०० मिली दूध-दही, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळ असं ताट दिलंय. मुलांचं थोडं कमीजास्त होईल पण ढोबळ हिशोब करा. धान्य तुमच्याकडे ३५ किलो म्हणजे माणशी २३० ग्रॅमच्या पुढे, तिथे कमी नाहीये. डाळी मात्र पाच जणांना महिन्याला बारा किलोच्या वर लागतात आणि तुमच्या वहीत आहेत चार किलो. घर चपाती-भातावर चाललंय, वरण पातळ होत होत पाणी झालं असणार. (आमच्याकडे पण लॉकडाऊनमधे असंच झालेलं म्हणून ओळखलं.)

बारा किलोवर उडी नका मारू पण आठ-नऊ किलोवर न्या, आणि तुरीच्या मागे नका लागू. हरभरा, अख्खा मसूर, हुलगे सुटे घ्या, हे तुरीच्या डाळीपेक्षा स्वस्त पडतात. तुरीत निम्मी मसूरडाळ मिसळली तर आमटीत कळत पण नाही आणि शिजते लवकर, गॅस वाचतो. सोयाबीनच्या वड्या एक किलो आणा, त्यात निम्म्याच्या आसपास प्रोटीन असतं. गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, मिक्सरला भरड करून बटाट्याच्या भाजीत घाला, तुमचा छोटा खाईल. पैसे त्या ८५० मधून काढा. दूध अजिबात तोडू नका, ते आधीच कमी आहे, फक्त किती चहात जातं ते एक आठवडा मोजून बघा.

प्रतिसाद २

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मुलीसाठी लिहितेय.

पहिलं म्हणजे गोळ्या बंद करू नका. ह्या वयात १२ च्या खाली एचबी म्हणजे रक्त कमी धरतात आणि ९.६ नुसत्या खाण्याने वर येणार नाही, गोळ्या आणि खाणं दोन्ही लागतं. गोळीने शी काळी होते, मळमळतं, म्हणून बऱ्याच मुली गुपचूप टाकून देतात, तुमच्यासमोर घ्यायला लावा. गोळी दुधाबरोबर नको, चहाबरोबर तर नकोच, लिंबूपाण्याबरोबर द्या. जंताची गोळी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. शाळेत आठवड्याची लोहाची निळी गोळी मिळत असेल तर तेही त्यांना सांगा. पाळी सुरू झाली असेल आणि जास्त जात असेल तर ते सांगायला लाजू नका.

दुसरं, ती चहा पिते का? जेवणावर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला तर जेवणातलं लोह अंगात नीट जात नाही. मधे एक-दीड तास तरी जाऊ द्या, खरं तर तेराव्या वर्षी चहा बंदच करा.

तिसरं, डाळिंब आणि बीट लाल असतं म्हणून लोकांना वाटतं रक्त वाढतं, पण त्यात लोह फारसं नसतं. तुम्ही परत आलात ते बरं केलंत. माठ, राजगिऱ्याचा पाला, हुलगे, मसूर, तीळ, अळीव ह्यात ते जास्त आहे आणि सगळं मिळून एक किलो डाळिंबाच्या पैशात येईल. वर लिंबू पिळायचंच, नाहीतर पेरूची फोड, आवळ्याची फोड. आवळे आत्ता स्वस्त आहेत, मिठाच्या पाण्यात घालून बरणी भरून ठेवा. आणि घरात लोखंडी कढई असेल तर ती वर काढा, टोमॅटो किंवा चिंच घातलेली आमटी-भाजी त्यात केली की लोखंड थोडं उतरतं. फक्त शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

एक विचारू का, रागावू नका. घरात पाच जण म्हणालात आणि खाण्याचं लिहिलंत चौघांचं. तुमचं एचबी शेवटचं कधी बघितलं होतं?

प्रतिसाद ३

पोरी, मी साठीची आहे, सांगोल्याकडची, आमचं सगळं आयुष्य दुष्काळी भागात गेलं म्हणून सांगते. हिवाळा आहे, आत्ता पालेभाजी खा. चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला, मेथी, मुळ्याचा पाला तर लोक तोडून टाकून देतात तो मागून घे. बाजारात सकाळी जाऊ नको, बाजार उठायच्या वेळी जा, जुड्या अर्ध्या किमतीत देतात. पण आणल्या दिवशी निवडून ठेव, दुसऱ्या दिवशी सडतात आणि मग स्वस्त आणलेलं महाग पडतं.

पालेभाजी कोरडी करू नको, पाच जणांना पुरत नाही. मूठभर डाळ, मूठभर दाणे घालून, पीठ लावून पातळ कर. ज्वारीच्या भाकरीवर ही भाजी आणि कांदा, बास. सासूबाईंना दुपारी एक भाकरी आधी वाढ आणि भात शेवटी, आधी भातच वाढला तर भाकरीला जागा उरत नाही. उपासाला भगर आणि दाण्याची आमटी दे, शुगरला ती पण जपूनच खायची पण नुसत्या साबुदाण्यापेक्षा बरी, आमटीने पोट धरतं. हुलग्याचं पिठलं कर, रात्रीच्या स्वयंपाकाला पंधरा मिनिटं लागत नाहीत. शेंगोळे पण कर, पोरं खातात. कारळ्याची चटणी, जवसाची चटणी करून ठेव, फरसाण आपोआप सुटतं.

प्रतिसाद ४

अंड्याबद्दल. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, सात-आठ रुपयांना ह्याच्याइतकं सोपं काही मिळत नाही. आमच्या सासूबाई पण माळकरी, मी भांडले नाही, डॉक्टरांचा कागद त्यांना वाचून दाखवला आणि विचारलं, आई काय करू सांगा. वेगळं पातेलं, वेगळी जागा, फक्त उकडून, एवढ्यावर हो म्हणाल्या. त्यांना विचारलं ह्यालाच त्यांच्या मनात जास्त किंमत होती असं मला वाटतं. नाहीच म्हणाल्या तर सोडून द्या, उसळ आणि दूध नीट गेलं तरी चालेल. मी असते तर घरात कटकट करून अंडं आणलं नसतं.

धागा लिहिणारी

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी परत परत वाचलं. बारा दिवस झाले, काय काय केलं ते सांगते.

चहा मोजला. एक लिटरमधलं जवळजवळ अर्ध दूध चहात जात होतं, आईंचा तीनदा, माझा चारदा, मुलीचा दोनदा, मला खरंच माहीत नव्हतं. मुलीचा बंद केला, माझा दोनवर आणला, रात्री थोडं विरजण लावते तर दुपारी सगळ्यांना वाटीभर ताक होतं. हरभरा २ किलो, अख्खा मसूर २ किलो, हुलगे १ किलो, सोयावड्या अर्धा किलो आणले. डब्याला आता एक दिवसाआड उसळ-चपाती जाते, मिस्टर म्हणाले चार वाजता भूक लागायची ती लागत नाही. मुळ्याचा पाला भाजीवाल्या मावशींनी फुकट दिला, लोखंडी कढई माळ्यावर गंजून पडली होती ती घासून काढली. बिस्किटांचा मोठा पुडा आणणं बंद केलं, पहिले चार दिवस मुलाने रडून घर डोक्यावर घेतलं, आता भाजलेले दाणे-गूळ खातो. सोयावड्या त्याने खाल्ल्या पण हुलग्याचं पिठलं थुंकलं.

आईंना मी कागद वाचून दाखवला. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, पोरीच्या अंगात रक्त नाही आणि मी काय देव घेऊन बसू, गॅलरीत छोटी शेगडी आहे तिच्यावर उकड, माझ्या ओट्यावर नको आणि गुरुवारी नको. आता आठवड्यातून चार दिवस तिला अंडं मिळतं. मला रडू आलं खरं तर.

हिशोबाचं म्हणाल तर महिना संपला नाहीये पण चाललाय त्यावरून ८४०० च्या आसपास जाईल असं दिसतंय, आठ हजारात अजून बसत नाही. तेल साडेतीन लिटरवर आणायचा प्रयत्न आहे. ज्वारीत तर काही वाचत नाही, इथे गव्हापेक्षा महागच पडते, तरी आईंसाठी आणावीच लागते.

नर्स ताई, तुम्ही विचारलंत ते दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. मी शेवटी जेवते, उरलेलं जेवते, उसळ संपली असेल तर चटणी-चपाती, ह्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. मागच्या बाळंतपणानंतर, म्हणजे सहा वर्षांत तपासलं नाही. सोमवारी महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन आले, ८.९ आलं. मला पण गोळ्या चालू झाल्या, आता आम्ही मायलेकी रात्री एकदमच घेतो, लिंबूपाण्याबरोबर. आणि पाच वाट्या आधीच भरून ठेवायला लागलेय, उसळ असो की आमटी, म्हणजे माझी वाटी कोणाला वाढली जात नाही.

अजून एक विचारते, मुलाला उसळ कशात लपवून देऊ? मोड आलेली मटकी वाटून धिरडी केली तर चिकटतात, उलटतच नाहीत. तांदळाचं पीठ किती घालायचं आणि तवा कोणता घेता, कोणी सांगेल का? उद्या सकाळच्या डब्याला करायचीत.