मदत हवी आहे: बिट्वीन 'क' अँड 'ख' मध्ये खटाव, खंडाळा येत नाहीत

माणदेश: सातारा जिल्ह्यातल्या 11 तालुक्यांची यादी आहे. एसक्यूएल क्वेरीत नावावर बिट्वीन 'क' अँड 'ख' (या दोन हद्दींमधली नावं द्या) लावलं की कराड आणि कोरेगाव दोनच येतात. खटाव, खंडाळा गायब! टेबलात नावं आहेत, तपासलंय. आज स्क्रीन द्यायची आहे, लवकर सांगा.

हळदबाजार: डेटाबेस कुठला, कोलेशन (अक्षरांची तुलना नि क्रम ठरवायचा नियम) कुठलं? नावाआधी स्पेस पडलीय का? ट्रिम (कडेच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावून बघा.

कोयनाकाठ: टेबलाचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ8एमबी4 करा. मराठीचे सगळे घोळ तिथंच असतात.

हळदबाजार: नाही हो. देवनागरी अक्षराला 3 बाइट लागतात, ते मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ8 मध्येही बसतं. एमबी4 लागतं इमोजीसारख्या 4 बाइटवाल्यांना.

वाईकर: शेवटी ऑर्डर बाय नाव लिहा, त्याशिवाय क्रमाचा भरवसा नाही.

अजिंक्यतारा: क्रम कुणी विचारलाय? ओळी गळतायत. बिट्वीनची वरची हद्द म्हणजे नुसतं 'ख' हे एक अक्षर. 'खटाव' त्याच्यापुढे लांब आहे, म्हणून 'ख' पेक्षा मोठं ठरतं आणि हद्दीबाहेर जातं. असं लिहा:
व्हेअर नाव >= 'क' अँड नाव < 'ग'

कोयनाकाठ: त्यापेक्षा लाईक 'क%' ऑर लाईक 'ख%' (क किंवा ख ने सुरू होणारी नावं) सोपं.

माणदेश: अजिंक्यतारा, चारही आले! डेटाबेस पोस्टग्रेस 15 आहे, कोलेशन सी. पण गावांच्या टेबलवर हीच क्वेरी लावली तर क्षेत्र माहुलीपण येतंय. आम्हाला क्ष शेवटी हवा, ह नंतर.

हळदबाजार: कोलेशन पहिल्यांदाच सांगायचं ना. सी मध्ये नुसते बाइट तपासतात. क्ष म्हणजे क, हलन्त, ष. त्यामुळे तो क मध्येच मोडतो. लाईक 'क%' लाही तो सापडणारच, कोयनाकाठ.

अजिंक्यतारा: तुलनेत कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू" द्या (हे मराठीचं कोलेशन; नाव इंग्रजी लिपीत, दुहेरी अवतरणात). त्यात ह, ळ, क्ष, ज्ञ असा आपला क्रम मिळतो. इंडेक्सही (शोध वेगवान करणारी सूची) त्याच कोलेशनचा बनवा, नाहीतर ही अट इंडेक्स वापरणार नाही. आणि ह ने सुरू होणारी नावं हवी असतील तर वरची हद्द 'ळ' ठेवा. सी मध्ये मात्र ते चालणार नाही: युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे, ह च्या आधी. म्हणजे एकही ओळ येणार नाही.

वाईकर: डेटा श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला) आहे का? तसा असेल तर यातलं काहीच लागू नाही, आधी युनिकोडमध्ये बदलावा लागेल.

माणदेश: युनिकोडच आहे. कोलेट लावलं, क्षेत्र माहुली गेलं. इंडेक्स बनवतोय.