त्या ४ टक्क्यांत नेमकं कोण येतं?

वर एकांनी लिहिलंय की सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहेच, मग बौद्धिक अक्षमतावाल्यांसाठी अजून वेगळं काय हवंय. अहो, ते ४ टक्के जरा उघडून बघा ना. १९९५ च्या दिव्यांग कायद्यात ३ टक्के होते आणि त्यात ही मुलं नव्हतीच. २०१६ च्या कायद्यात आली, पण एकाच टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि वर बहुविकलांग असे सगळे एकत्र, मग सगळ्यांना एकच लेखी परीक्षा ठेवली तर त्यातून वर कोण येणार सांगा. आणि दोन वर्षं योग्य उमेदवार मिळाला नाही तर ती जागा दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांगाकडे वळवता येते, तशी कायद्यातच सोय आहे.

माझा मामेभाऊ वर्कशॉपमध्ये नंबर बघून पाकिटं लावतो. तोंडी सांगून उपयोग नाही, शेजारी बसून करून दाखवावं लागतं, पण एकदा हातात बसलं की गठ्ठा चुकत नाही. क्रम कोणी मधेच बदलला तर अडकतो, मग परत एकदा दाखवायचं, बस्स. असलं काम टपाल शाखेत, रेकॉर्ड रूममध्ये रोजचंच आहे की!

म्हणून मागणी एवढीच, की लेखी परीक्षेऐवजी प्रत्यक्ष कामाची चाचणी घ्या आणि सुरुवातीचे काही महिने सोबत शिकवणारं माणूस द्या. कर्मचाऱ्याच्या गरजेप्रमाणे सोय करून देणं सरकारी आस्थापनांना २०१६ च्याच कायद्याच्या कलम २० नुसार बंधनकारकच आहे, उपकार नाहीत ते.