लेयर बटेरांना अळ्या, अझोला, शेवगा चालतो का?

संगमनेरकर_ताई:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे ५०० लेयर (अंडी देणारे) बटेर आहेत. एका पक्ष्याला दिवसाला २५ ग्रॅम धरलं तरी रोजचं साडेबारा किलो फीड जातं, आणि सोयापेंड महागली की अंड्याचे पैसे सगळे गोणीतच. परसात शेवगा आहे, अझोल्याचा (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) बेडही करता येईल, शिवाय ते ब्लॅक सोल्जर फ्लाय माशीच्या अळ्यांचे व्हिडिओ बघते रोज. यातलं खरंच काय चालतं? सासरे म्हणतात पूर्वी कोंबडीच्या पिल्लांना वाळवी धरून घालायचे, बटेरला चालेल का?

बटेरवाला_नाशिक:
ताई, अझोल्यावर फार भिस्त ठेवू नका. सुक्या अझोल्यात २०-२५ टक्के प्रोटीन असतं हे खरंय, पण ओल्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच, म्हणजे किलोभर ओला अझोला घातला तरी हातात प्रोटीन येतं जेमतेम १५-२० ग्रॅम, आणि तुमच्या साडेबारा किलो फीडमध्ये २० टक्क्याने अडीच किलो प्रोटीन हवं. बटेरचं पोट केवढंसं, ते पाण्यानेच भरलं तर अंडी घटणारच. हिरवा चारा म्हणून मूठमूठ द्या, स्वच्छ धुवून, बेडमध्ये घातलेल्या शेणाचा वास गेला पाहिजे.

शेतकरी_पोरगा:
सोयाला खरा पर्याय अळ्याच. वाळल्यावर ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, कॅल्शियम पण चांगलं. अळ्या वाढवायच्या ड्रममध्ये भाजी मंडईचा कचरा, फळांच्या साली घाला, पण मटण-चिकनचा वेस्ट किंवा मेलेला पक्षी ड्रममध्ये अजिबात नको, सडक्या मांसावरच्या अळ्यांतून बोटुलिझम होतो, मान लुळी पडून पक्षी मरतात. अळी मळकट पांढरी असतानाच काढा, काळी पडली की साल कडक होते, पचायला जड जाते.

संगमनेरकर_ताई:
धन्यवाद दादा, मग ओल्याच घालायच्या की वाळवून?

शेतकरी_पोरगा:
उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा आणि भरडून फीडमध्ये मिसळा, नाहीतर दांडगे पक्षी अळ्या वेचून खातात आणि बारक्यांना नुसता मका उरतो. चरबी भरपूर असते त्यामुळे साठवल्या की खवट होतात, आठवड्याला लागेल तेवढ्याच करा. सुरुवात ५ टक्क्यांनी, तेवढीच सोयापेंड कमी करायची, आणि अंड्यांची रोजची नोंद ठेवा म्हणजे फरक लगेच कळेल. फीड एकदम बदललं की बटेर अंडी देणं थांबवते. पिल्लांच्या फीडला मात्र हात लावू नका, त्यांना २४ टक्क्यांच्या वर प्रोटीन लागतं.

रानातली_अंडी:
शेवग्याचा पाला सावलीत वाळवून पावडर करा, ३ ते ५ टक्के पुरे, बलक मस्त पिवळा होतो, गिऱ्हाईक तेच बघतं. कुणी सुबाभूळ सुचवली तर नको, त्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं.

वाळवीचं सासरे बरोबर सांगतात, ओलं शेण-गोणपाट भरलेला माठ वारुळाजवळ उपडा ठेवला की सकाळी भरलेला मिळतो. फक्त त्या बांधाला किंवा घराच्या पायाला वाळवीचं औषध मारलेलं नाही ना ते आधी विचारून घ्या. आणि काहीही बदललंत तरी शिंपल्याचा चुरा बंद करू नका हं ताई, अंड्याचं कवच लगेच पातळ होतं.