स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी बजेटमधला एफएफपी स्कोप कोणता?

बांधावरचा_नेम:
रायफल ०.१७७ ची, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली. ८.४४ ग्रेनचा छर्रा २४० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास जातो. कागद आणि पत्र्याची टार्गेट, अंतर १० ते ५० मीटर, मागे मातीचा बांध. सध्याच्या साध्या स्कोपवर झूम बदलला की फुलीखालच्या खुणांचा हिशेब कोलमडतो, म्हणून फर्स्ट फोकल प्लेन (एफएफपी) घ्यायचा विचार आहे. बजेट बेताचं. ६-२४×५० (६ ते २४ पट झूम, पुढची काच ५० मिमी) घ्यावा की ४-१६×४४? आणि नक्की काय तपासून घ्यावं?

मिलीमीटर:
आधी तुमच्याच छर्र्याचं गणित बघा. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून ४५ मिमी वर आणि झीरो (नेम आणि छर्रा जुळायचं अंतर) २५ मीटरला धरला, तर छर्रा ४० मीटरला साधारण ४ सेंमी खाली लागेल, म्हणजे १ मिल (अंतराचा हजारावा भाग). ५० मीटरला १० सेंमी, म्हणजे २ मिल. गंमत जवळच्या अंतराची आहे: १० मीटरलाही तो १२ मिमी खालीच लागतो, कारण तिथपर्यंत तो नजरेच्या रेषेपर्यंत वर चढलेलाच नसतो. म्हणजे तिथेही सव्वा मिलची खूण धरावी लागते. उंच रिंगा लावून ४५ चे ५५ मिमी केलेत, तर १० मीटरचा आकडा १.८ वर जातो.

आता साधा, म्हणजे सेकंड फोकल प्लेनचा ४-१६ स्कोप घ्या, ज्याच्या खुणा १६ वर खऱ्या आहेत. तोच ८ वर आणला की १ मिलची खूण प्रत्यक्षात २ मिल मोजते. ५० मीटरला सवयीने दुसरी खूण धरलीत की छर्रा १० सेंमी वर. एफएफपीत रेटिकल, म्हणजे आतली फुली आणि खुणा, चित्राबरोबरच लहानमोठं होतं, म्हणून हा घोळ होत नाही.

४-१६ घ्या. ५० मीटरला २४ झूम लागत नाही, आणि ६-२४ बहुतेक वजनदार निघतात. अॅथलॉन आर्गोस बीटीआर ६-२४×५० चांगला स्कोप आहे, पण साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरतो. स्प्रिंगच्या रायफलीवर तेवढं वजन म्हणजे स्कोप धरणाऱ्या माउंटची परीक्षा.

गंजलेला_स्क्रू:
एफएफपी आहे की नाही, हे मी तिसऱ्या नंबरवर ठेवीन.

पहिला नंबर पॅरॅलॅक्सचा, म्हणजे डोळा हलला की नेम हलण्याचा. बाजूच्या चाकावर १० यार्ड लिहिलेलं हवं. काडतुसाच्या बंदुकीसाठी बनवलेले बरेच स्वस्त एफएफपी २५ यार्डांच्या अलीकडे फोकसच होत नाहीत आणि काही तर १०० यार्डांवर कायमचे बसवलेले असतात. असा ४४ मिमी काचेचा स्कोप १० मीटरवर वापरलात, तर चित्र धूसर दिसेलच, शिवाय डोळा मध्यावरून पार कडेला सरकला तर नेम दोन सेंटीमीटरपर्यंत हलू शकतो.

दुसरा नंबर धक्क्याचा. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते आणि तो आपटून थांबला की रायफल झटक्यात पुढे जाते. बंदुकीचा स्कोप एकाच दिशेचा धक्का गृहीत धरून बनवलेला असतो. या उलट्या झटक्याने स्कोपच्या आतली नळी सैल होते नाहीतर रेटिकल फिरतं. त्यामुळे 'स्प्रिंग एअर रायफलला चालेल' असं कंपनीने लेखी दिलेलं असेल तरच पैसे मोजा. 'मॅग्नमला (जास्त जोराच्या रायफलीला) चालतो' हे दुकानदाराचं तोंडी वाक्य धरू नका.

साधा_माणूस:
जरा उलट बोलतो. तुम्ही कायम १० किंवा १२ झूमवरच मारणार असाल, तर झूमच्या चाकावर तिथे रंगाची खूण करा, त्या झूमवरच्या खुणा एकदा मोजून घ्या आणि आहे तोच स्कोप वापरा. खर्च शून्य. एफएफपीचा तोटा कुणी सांगत नाही: ४ झूमवर रेटिकल इतकं बारीक होतं की ०.२ मिलच्या रेघा मोजताच येत नाहीत, आणि संध्याकाळी सावलीत तर फुलीही हरवते. घेतलाच तर मध्यभागी दिवा लागणारा घ्या. रेटिकल आणि टरेट (नेम सरकवायची फिरकी) दोन्ही मिलमध्येच असू द्या. मिलच्या खुणा आणि एमओएची (दुसऱ्या कोनमापाची) क्लिक ही जोडी म्हणजे रोजची त्रैराशिकं.

हो, आणि १० मीटरच्या स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर तिथे भिंगाचा स्कोप चालत नाही.

बांधावरचा_नेम:
झूम सारखा बदलतो, म्हणून एफएफपीच. ४-१६, १० यार्ड, मिल-मिल, दिवा. पण सध्याच्या स्कोपचा वरचा टरेट जवळजवळ संपलाय, तरी छर्रा खालीच लागतो. नव्यालाही हेच होणार का?

गंजलेला_स्क्रू:
होणार. दोष स्कोपचा नाही, नळी झुकलेली आहे. मोडून भरायच्या रायफलींत हे नेहमीचंच. टरेट टोकाला गेला की आतल्या स्प्रिंगचा दाब उरत नाही आणि झीरो भटकतो. मागची बाजू उचललेला किंवा उंची बदलता येणारा माउंट घ्या. मागच्या रिंगखाली पत्रीही (पत्र्याची पातळ पट्टी) चालते: रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर अर्ध्या मिमीच्या पत्रीने ५ मिल मिळतात, म्हणजे २५ मीटरला साडेबारा सेंमी. त्याहून जाड पत्री घालू नका, स्कोपचं नळकांडं वाकतं.

रेल ११ मिमीची डोव्हटेल (तिरक्या कडांची) आहे का ते मोजा, कारण पिकॅटिनीच्या (आडव्या खाचांच्या रुंद रेलच्या) रिंगा तिच्यावर बसत नाहीत. एफएफपीचं नळकांडं बहुधा ३० मिमीचं असतं, जुन्या एक इंची रिंगा निकामी. स्कोप रेलवर मागे सरकतो, म्हणून मागच्या माउंटला अडवणारी खिळी हवीच. रिंगांचे वरचे स्क्रू आळीपाळीने, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत, साधारण २ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा.

मिलीमीटर:
परत करण्याची मुदत असताना एवढं करा. २५ मीटरवर कागद लावा, त्यावर उभ्या रांगेत २५-२५ मिमीवर रेघा मारा. ४ झूमवर आणि १६ झूमवर मिलच्या खुणा त्या रेघांवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. मग रायफल पिशवीवर घट्ट ठेवून टरेट २० क्लिक फिरवा. ०.१ मिलची क्लिक असेल तर फुली ५० मिमी सरकून दोन रेघा ओलांडेल. तेवढ्याच क्लिक परत फिरवल्यावर ती मूळ जागी आली नाही, तर डबा बंद करून परत पाठवा.