नोकरी गेल्यानंतरचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

'बेरोजगारी घटली' अशी बातमी येते आणि घरी बसलेल्याला वाटतं, मग मलाच का काम मिळत नाही? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत आठवड्यात १ तास मोबदल्यासाठी काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. कंटाळून शोध सोडलेला बेरोजगारांत मोजलाच जात नाही. मी दोनदा यातून गेले आहे, म्हणून विचारते: तुमचं काय झालं? कंपनीचं नाव नको, बाकी मोकळेपणानं लिहा.

*

अकाउंट्समध्ये १४ वर्षं. ११ मिनिटांच्या मीटिंगमध्ये नारळ मिळाला. लॅपटॉप परत देताना पाहिलं, एंटरच्या बटणावरची अक्षरं पुसून गेली होती. तीन महिने कोणाला सांगितलंच नाही, रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडायचो. शेवटी सहा वर्षांपूर्वी ऑडिटला आलेल्या एका बाईंना मेसेज केला. त्यांनी कळवलेल्या जागीच आज काम करतो.

*

वरच्या अनुभवाला दुजोरा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा लेख आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. पटतं. जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला.

*

आमचा प्लांटच बंद झाला. एकच काम येणारे आम्ही सगळे एकाच दिवशी बाजारात. आधीपेक्षा बराच कमी पगार घेतला आणि वर्षभर स्वतःला दोष दिला. नंतर पेनसिल्व्हेनियातल्या कामगारांवरचा १९९३ चा अभ्यास वाचला. मोठ्या कपातीत जुनी नोकरी गेलेल्यांची कमाई पाच-सहा वर्षांनंतरही सुमारे २५ टक्के कमीच होती. कमी माझ्यात नव्हती, हे तेव्हा कळलं.

*

मी 'मार्केट सुधारू दे' म्हणून थांबले, ते चुकलं. अमेरिकेत काल्पनिक अर्ज पाठवून केलेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रिकामा काळ वाढला तशी बोलावणी घटली, मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत. आणि जिथे नोकऱ्या भरपूर, तिथे ही घट जास्त! सगळ्यांना काम मिळतंय, मग हिलाच का नाही, असा संशय येत असावा. मला इंटरव्ह्यूत अगदी हेच विचारलं. लहान-सहान का होईना, काम चालू ठेवा.

*

काल माझा शेवटचा दिवस होता. आयकार्ड दिलं, पट्टा चुकून खिशात राहिला. हे सगळं वाचून वही उघडली आहे. वर्षानुवर्षं बोलणं नाही अशा माणसांची नावं लिहितोय. नऊ झाली.