‘परीक्षक’ म्हणजे नेमकं काय? इब्री ४:१२ मधला शब्द

प्रश्न
बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ४:१२ मध्ये देवाच्या वचनाला ‘मनातील विचार व हेतू ह्यांचे परीक्षक’ म्हटलं आहे. लहानपणापासून तोंडपाठ आहे, पण ‘परीक्षक’ म्हटलं की मला लाल पेनने गुण देणारे गुरुजीच दिसतात. मूळ ग्रीकमध्ये हीच छटा आहे का? आणि ‘हेतू’ इथे कसा घ्यायचा?

विचारण्याचं कारण सांगतो. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेनंतर छपराच्या वर्गणीची यादी वाचून दाखवली, त्यात माझं नाव राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वाचनात नेमका मत्तय ६ आला. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, इथेच मी अडकलो. रात्रभर यादी वाचणाऱ्यावर धुसफुसत होतो, आणि वर्गणी देताना मात्र ‘देवाच्या घरासाठी’ म्हणालो होतो.

प्रतिसाद १
दादा, ग्रीक शब्द ‘क्रितिकोस’. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. त्यामागचं क्रियापद ‘क्रिनो’, म्हणजे वेगवेगळं करणं आणि त्यावरून न्याय करणं. आपल्याकडे अगदी तशीच जोडी आहे: निवडणे आणि निवाडा. आई दारातल्या उजेडात ताट घेऊन तांदूळ निवडायची, ते आठवा. पांढरा खडा सहज दिसत नाही, बोटांनी दाणे सरकवावे लागतात. तुमच्या वर्गणीत देवाचं घरही होतं आणि नावही होतं. वाचनाने दोन्ही बाजूबाजूला ठेवली.

‘परीक्षक’ मात्र मला चूक वाटत नाही. ‘पारख’ हा ‘परीक्षा’चाच तद्भव. एक रूप शाळेत गेलं, दुसरं सराफाच्या पेढीवर राहिलं. यिर्मया १७:१० मध्ये परमेश्वर ‘हृदय चाळून’ पाहतो आणि ‘अंतर्याम पारखतो’. त्या ‘अंतर्याम’च्या जागी हिब्रूत चक्क मूत्रपिंडं आहेत, कारण अगदी आतल्या भावनांचं ठाणं तिथे मानत. अनुवादकांनी ‘अंतर्याम’ शोधला, याचं मला फार कौतुक वाटतं.

प्रतिसाद २
‘हेतू’बद्दल. उद्देश पावतीवर लिहिता येतो, सभेत सांगता येतो. हेतू आपण सहसा दुसऱ्याला विचारतो, तोही संशय आला की: ‘यात तुझा हेतू काय?’ म्हणून इथे हाच शब्द हवा. ‘विचार’ मात्र जरा थंड पडतो. ग्रीक ‘एन्थुमेसिस’मध्ये ‘थुमोस’ आहे, म्हणजे आवेश, संताप. तुमची धुसफूस त्यात बसते!

एक गोष्ट कळकळीने सांगते. हे वचन दुसऱ्यांवर हेत्वारोप करायला वापरलेलं मी खूपदा ऐकलंय. पण वाक्याचा कर्ता बघा: परीक्षक वचन आहे, वाचणारा नाही.

प्रश्नकर्ता
ताई, हे मला लागलं. यादी वाचणाऱ्याने मुद्दाम नाव गाळलं, असं मी घरी बोलून बसलो होतो. म्हणजे हेत्वारोपच. बुधवारच्या शास्त्राभ्यासात ‘निवडणे-निवाडा’ सांगणार आहे. त्याआधी त्यांना फोन करतो.