आकाशाचा विदा (डेटा) खुला, मग आजाराचा कुलपात का?

खोडदची_वाट

मी पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करते. गेले आठ महिने ज्या निरीक्षणांवर काम करतेय, ती मी घेतलेली नाहीत. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीवर दुसऱ्याच कुणीतरी वेळ मागून घेतला होता. 18 महिन्यांची राखीव मुदत संपली आणि ती निरीक्षणं संग्रहात सगळ्यांना खुली झाली. मी नाव नोंदवलं, फाइली उतरवल्या आणि कामाला लागले. कुणाची ओळख काढावी लागली नाही.

माझा धाकटा भाऊ एम.फार्म. करतोय. त्याला एका छापून आलेल्या निबंधामागचा मूळ तक्ता हवा होता. निबंधाच्या शेवटी लिहिलेलं आहे, 'योग्य विनंती केल्यास विदा उपलब्ध'. त्याने चार मेल पाठवले. चौथ्याला एका ओळीचं उत्तर आलं: देता येणार नाही. कारण दिलेलं नाही. काम सरकारी अनुदानावर झालं होतं, तसं आभारात छापलेलं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: लोकांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा विदा निबंध छापून येईल त्याच दिवशी खुला व्हावा. भौतिकीत होतो, तर वैद्यकातही व्हावा.

हे केवळ तत्त्व म्हणून सांगत नाही. 2010 ते 2012 या काळात जीएमआरटीने 150 मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं दिसणारं आकाश पिंजून काढलं. मूळ चमूने त्यातला काही भाग प्रसिद्ध केला, पण सगळ्या निरीक्षणांची प्रतिमा तयार करणं अवघड होतं, कारण या वारंवारतेला आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, चित्र विस्कटून टाकतो. कच्ची निरीक्षणं खुली होती. डच खगोलशास्त्रज्ञ हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी हा विस्कोट दुरुस्त करणारी पद्धत लावून त्या निरीक्षणांवर नव्याने प्रक्रिया केली आणि 2017 मध्ये सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोतांची यादी जगापुढे ठेवली. आज माझ्यासारखे कितीतरी विद्यार्थी त्या यादीवर उभे आहेत. निरीक्षणं कुलपात असती तर हे काम झालंच नसतं.

पाड्यावरची_डॉक्टर

तुमच्या भावाला कारण न देता नकार मिळाला, ते चूकच झालं. पण तुमच्या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करते, आदिवासी भागात. आमच्याकडे तपासणीनंतर माणसाच्या हातात कार्ड येतं: एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. आता तुमच्या मागणीप्रमाणे मी तक्ता खुला केला, असं धरा. नावं काढली, गावाचं नाव काढलं, तालुका ठेवला. वय 19, स्त्री, एएस, एक भाऊ एसएस, वडील हयात नाहीत. चाळीस उंबऱ्यांच्या पाड्यावर अशी मुलगी एकच असते. तालुक्यातल्या कुणालाही ती कोण हे कळायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. त्यानंतर तिच्या लग्नाचं काय होतं, हे मी पाहिलेलं आहे. वाहक असणं हा आजार नाही, हे सोयरिकीच्या बैठकीत समजावायला मला कुणी बोलवत नाही.

रेडिओ दीर्घिकेचं लग्न मोडत नाही. हा फरक तुमच्या मांडणीत कुठेच आलेला नाही.

आणि नाव काढलं की ओळख पुसली जाते, हेही खरं नाही. जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी संशोधनासाठी खुल्या केलेल्या निनावी जनुकीय विदामधून, वंशावळीच्या संकेतस्थळांच्या मदतीने, जवळपास 50 माणसांची ओळख काढून दाखवली. त्यांनी ती धोका दाखवण्यासाठी काढली. दुसरा कुणी वेगळ्या हेतूने काढेल.

त्याहून जुनी गोष्ट हवासुपाई लोकांची आहे. ग्रँड कॅन्यनमधली ही छोटी जमात. मधुमेह का वाढतोय हे कळावं म्हणून 1990 पासून त्यांनी अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिलं. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, आणि जमातीचे पूर्वज कुठून आले याचाही. त्यांच्या उत्पत्तीकथेला छेद देणारे निष्कर्ष त्यांना न विचारता छापले गेले. 2010 मध्ये तडजोड झाली, 7 लाख डॉलर मिळाले आणि रक्ताचे नमुने परत मिळाले. गेलेला विश्वास परत मिळाला का, ते त्यांनाच विचारायला हवं.

करदात्याचा पैसा आहे, मान्य. पण रक्त करदात्याचं नाही.

संख्याशास्त्री_कोथरूड

डॉक्टर, तुमच्या पाड्याचं उदाहरण मला पूर्ण पटलं. तरीही 'रुग्णांची गोपनीयता' हे शब्द ऐकले की मला 2020 आठवतं.

22 मे 2020 ला 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला: 671 रुग्णालयं, 96,032 रुग्ण, आणि निष्कर्ष असा की कोव्हिडमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. विदा सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या कंपनीकडे होता. ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचा निबंधातला आकडा त्या देशाच्या अधिकृत आकड्यापेक्षाही मोठा निघाला. तपासणीसाठी मूळ विदा मागितला, तर कंपनीने रुग्णालयांशी झालेले करार आणि गोपनीयता पुढे केली. 4 जूनला निबंध मागे घेतला गेला.

तेरा-चौदा दिवसांत जगभरच्या चाचण्यांची दिशा हलली, तीही कुणीही न पाहिलेल्या तक्त्यावर. ते औषध कोव्हिडवर उपयोगी नाही हे नंतर नीट चाचण्यांतून कळलं, म्हणून या निबंधाचा गुन्हा कमी होत नाही.

याच्या शेजारी गुरुत्वीय लहरी टिपणारी अमेरिकेतली लायगो वेधशाळा ठेवून पाहा. 14 सप्टेंबर 2015 ला पकडलेल्या गुरुत्वीय लहरीची घोषणा 11 फेब्रुवारी 2016 ला झाली आणि त्या घटनेभोवतीचा विदा त्याच वेळी खुला केला गेला. पुढच्या वर्षी कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या एका गटाने तोच विदा घेऊन गोंगाटाच्या हिशेबावर शंका काढली. लायगोच्या आणि बाहेरच्याही लोकांनी पुन्हा गणितं केली, शोध टिकला. आपल्या हिंगोलीत उभी राहणारी वेधशाळा त्याच जाळ्याचा भाग होणार आहे. शंका घेणाऱ्याच्या हातात साहित्य दिलं होतं, म्हणून मला तो शोध खरा वाटतो.

विदर्भ_पदार्थविज्ञान

इथे सगळे गृहीत धरताहेत की विदा खुला झाला की तो सगळ्यांना सारखाच खुला होतो. तसं होत नाही. मी जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवतो. आमच्या विभागात एक क्ष-किरण विवर्तन यंत्र आहे, तेही वर्षातले काही महिने बंद. एका विद्यार्थ्याचे नमुने दोन वर्षं खपून तयार होतात. मोजमापं छापल्या दिवशी खुली केली तर ज्यांच्याकडे मोठे संगणक आणि दहा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) आहेत, ते महिन्याभरात पुढचे तीन निबंध काढतील. माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एक संदर्भ येईल. खोडदची_वाट, तुम्हीच सांगितलेल्या उदाहरणात दुर्बीण आपली, निरीक्षणं आपली, आणि यादी कुणाच्या नावाने ओळखली जाते?

देशांच्या बाबतीतही हेच. इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे विषाणू-नमुने देणं थांबवलं, कारण त्यांच्या नमुन्यांवरून परदेशी कंपन्या लस करणार आणि ती लस इंडोनेशियाला परवडणार नाही, हे आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांना दिसत होतं. जगाने त्यांना बोल लावला. पण त्या हट्टानंतरच 2011 मध्ये नमुने आणि लाभ दोन्ही वाटून घेण्याचा आंतरराष्ट्रीय आराखडा झाला. दक्षिण आफ्रिकेने 24 नोव्हेंबर 2021 ला नवा विषाणू-प्रकार जगाला प्रामाणिकपणे कळवला, तर दोन दिवसांत त्यांची विमानं बंद झाली. त्यालाच आपण ओमिक्रॉन म्हणतो. मोकळेपणाची किंमत कोण भरतं, ते आधी ठरवा.

जुना_स्फटिकवाला

निवृत्त आहे, प्रथिनांच्या रचनांवर आयुष्य गेलं. पदार्थविज्ञानवाले सर, तुमची भीती आम्हालाही होती, शब्दशः हीच. एक रचना सोडवायला पाच-सात वर्षं जायची. अशा रचनांचा साठा असलेली प्रोटीन डेटा बँक 1971 मध्ये अमेरिकेत ब्रुकहेवनला सुरू झाली तेव्हा तिच्यात 7 रचना होत्या. सुरुवातीला लोक देतच नसत. मग नियतकालिकांनी सक्ती केली, तेव्हाही जमा करून वर्षभर झाकून ठेवायची सवलत होती. पुढे तीही गेली. आज तिथे 2 लाखांहून जास्त रचना आहेत, आणि प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या ज्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीसाठी 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये हसाबिस आणि जंपर यांना वाटा मिळाला, ती याच साठ्यावर शिकली. माझ्याही काही रचना त्यात आहेत. आधी कुणी मागितल्या असत्या तर मी दिल्या नसत्या.

विदर्भ_पदार्थविज्ञान

सर, आदर आहे. पण तुम्ही दिल्यात तेव्हा तुमची नोकरी पक्की होती. माझ्या विद्यार्थ्याची नाही. 18 महिन्यांची मुदत द्या, मी आज सही करतो. छापल्या दिवशी नाही.

खोडदची_वाट

दोन गोष्टी मागे घेते. 'त्याच दिवशी' हा शब्द चुकला. मी स्वतः मुदत असलेल्या व्यवस्थेचा फायदा घेते आणि दुसऱ्याला मुदत नाकारत होते. डॉक्टरताई, पाड्याबद्दल तुमचं बरोबर आहे. माणसागणिक तक्ता उघड्यावर ठेवायची मागणी मी सोडते.

पण 'खुला नाही' आणि 'कुणालाच नाही' यांत खूप अंतर आहे. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत 5 लाख लोकांची माहिती आहे. अर्ज करायचा, हेतू सांगायचा, मंजुरी मिळाली की वापरायची. आपल्याकडे भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पाचे 10,000 जनुकसंच जानेवारी 2025 पासून फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रातून असेच अर्जावर मिळू लागले. दार बंद असू दे, पण दारावर कडी वाजवली तर उघडून बोलणारं कुणी हवं. माझ्या भावाच्या वेळी ते नव्हतं.

आणि साठा आपल्याकडेही असायला हवा, याचं ताजं कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था करते, पण तिच्या घरागणिक फाइली आपण वर्षानुवर्षं अमेरिकी मदतीवर चालणाऱ्या डीएचएस या अनेक देशांच्या आरोग्य पाहण्यांच्या कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून उतरवत आलो. फेब्रुवारी 2025 मध्ये ती मदत थांबली आणि फाइली मागणाऱ्यांच्या नव्या नोंदण्याही थांबल्या. आपल्याच घरांची माहिती, आणि अडली तिकडे.

पाड्यावरची_डॉक्टर

अर्जाच्या व्यवस्थेला माझी हरकत नाही. मात्र मंजुरी देणाऱ्या समितीत पाड्यावरचं कुणीतरी बसलं पाहिजे, आणि नाही म्हणायचा हक्क त्यांना हवा. फक्त प्राध्यापक बसवून चालणार नाही.

कालपासून मी आमचं संमतीपत्र पुन्हा काढून बसले आहे. त्यात एकच ओळ आहे: 'माहिती संशोधनासाठी वापरली जाईल.' कुठलं संशोधन, कोण करणार, किती वर्षं, काही नाही. आयसीएमआर या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्तरांनी, म्हणजे प्रत्येक वापरासाठी वेगळी, संमती घेण्याची सोय आहे, आम्ही ती वापरलीच नाही. मागच्या शिबिरात एका आजीने नळीकडे बोट दाखवून विचारलं होतं, हे रक्त कुठवर जाणार? मी 'तालुक्याला' म्हणाले. तेवढंच मला माहीत होतं.

आता तीन प्रश्न वेगळे करतेय: या आजारासाठी वापरू का, दुसऱ्या आजारासाठी वापरू का, बाहेरच्या संशोधकाला देऊ का. प्रत्येकापुढे हो आणि नाहीचा चौकोन. संख्याशास्त्रीजी, तिसऱ्याला 'नाही' म्हणणारे बरेच निघाले, तर उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष किती धरायचा? पुढच्या आठवड्यात नैतिक समितीपुढे जायचं आहे, त्याआधी सांगाल का?